रूळ बोलू लागले की

अशी कल्पना करा की सकाळची वेळ आहे, तुम्ही दोन रुळांच्या मधून चालताय आणि तुमच्या खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा आहे. पायाखाली स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ओंडके. दोन स्लीपरांमधलं अंतर माणसाच्या पावलाला कधीच जुळत नाही. प्रत्येकावर पाऊल टाकलं तर तुरुतुरु चालल्यासारखं होतं, मधला सोडून टाकलं तर ढांगा पडतात. तुम्हाला अर्थातच प्रत्येकावर थांबायचं आहे, कारण प्रत्येक स्लीपरवर रूळ घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पकडी असतात. आमच्याकडे त्यांना चावी म्हणतात. वरून गाड्या जाऊन जाऊन त्या सैल होतात, हळूहळू बाहेर सरकतात. त्या तपासायला वाकायचं नाही. वाकलात तर दुपारपर्यंत कंबर कामातून जाईल. उभ्या उभ्याच हातोडा झुलवायचा, चावीवर एक हलका ठोका द्यायचा आणि ऐकायचं. घट्ट असेल तर आवाज वर चढतो, पातळ आणि लांब. सैल असेल तर जागच्या जागी बसतो, ओल्या लाकडावर मारल्यासारखा. बसका आवाज आला की दोन जोरकस घाव, मग पुन्हा हलका ठोका, पुन्हा ऐकायचं. मग पुढची चावी.

आणि हे सगळं करताना कानाचा एक कोपरा मोकळा ठेवायचा. कारण ज्या रस्त्याने तुम्ही चालताय तो तुमचा नाही, गाडीचा आहे.

हे काम आमच्या शेजारच्या काकांनी जवळजवळ सगळं आयुष्य केलं. वस्तीत त्यांना चावीवाले म्हणतात. खरं नाव विचारलंत तर चार माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील.

वस्ती म्हणजे रुळांना पाठ लावून उभी असलेली क्वार्टरांची एक रांग, पलीकडे थोडी घरं, एक फाटक, आक्कांची चहाची टपरी आणि फक्त पॅसेंजर थांबते असा बुटका फलाट. लांबच्या गाड्या आमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, नुसत्या भिंती हादरवून जातात. भिंतीवरचा फोटो सकाळी सरळ केला की संध्याकाळी पुन्हा मान वाकडी करून बसतो. कपाटातल्या बशांच्या मधे आम्ही कागद घालतो, नाहीतर त्या दिवसभर कुजबुजत राहतात.

बाहेरच्या माणसाला मात्र आमची एक गोष्ट फारच विचित्र वाटते. गाडी यायच्या आधी रूळ बोलू लागतात. लांब कुठेतरी कुणी सुरीला धार लावत असावं तसा बारीक, चिरका सूर. तो कानावर पडला की वस्तीतलं प्रत्येक तोंड बंद होतं. वाक्य जिथे असेल तिथे. मग गाडी येते, घरं हलवून जाते, आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं. मागचे शब्द पुन्हा म्हणणं आमच्याकडे अडाणीपणाचं समजतात. ऐकणाऱ्याला तेवढंही लक्षात राहत नाही की काय!

रुळांची देखभाल करणाऱ्या गँगचे मुकादम रागावले की हे बघण्यासारखं असतं. "तुम्हाला हजारदा सांगितलं, फावडी अशी..." एवढं म्हणून ते बोट वर करून थांबतात. सबंध मालगाडी जाते. बोट वरच. शेवटचा डबा गेला की "...उघड्यावर टाकायची नाहीत!" तोवर गँगच्या लोकांनी हसू दाबून गाल फुगवलेले असतात. पलीकडच्या घरातल्या दोन जावा एकदा कडाक्याच्या भांडत होत्या. थोरली "तू म्हणजे एक नंबरची..." इथे अडकली. धाकटी कमरेवर हात ठेवून गाडी जाईपर्यंत शांतपणे उभी. गाडी गेली आणि थोरलीला शब्दच आठवेना. धाकटीने तीन-चार सुचवूनही बघितले. भांडण तिथेच मिटलं.

चावीवाल्या काकांची लेक लग्नानंतर शहरात गेली आणि ही सवय विसरली. माहेरी आली की गाडीच्या आवाजावर आवाज चढवून "आई, मीठ कुठंय?" असं ओरडते. मग गाडी गेल्यावर सगळे तिच्याकडे असे बघतात, जणू तिने भर सभेत शिट्टी वाजवली.

काकांची स्वतःची खोड वेगळीच होती. कोणतीही वस्तू ठोकून बघितल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. बाजारात हंडा घेताना ठोकणार, खाटेचा पाय ठोकणार, नव्या दाराची चौकट ठोकून सुताराला म्हणणार, "इथं पोकळ आहे रे." सुतार कपाळावर हात मारून घ्यायचा. काकू म्हणायच्या, "मला बघायला आले होते तेव्हा नशीब माझं, हातोडा घरी विसरले होते."

"विसरलो नव्हतो," काका म्हणायचे, "तुझ्या बापाने दाराबाहेर ठेवायला लावला."

गेल्या हिवाळ्यात काकूंनी एक शेळी घेतली. काळी, एका कानाला पांढरा ठिपका, आणि दूध म्हणाल तर चहा रंगेल एवढंच. घरामागे गवत असतानाही काकू तिला रुळांच्या कडेच्या पायवाटेने लांब लांब चारायला नेत. काका जिथवर चावी ठोकत जात तिथवर बांधावरून काकूंचा पिवळा रुमाल दिसे आणि पुढे शेळी. मुकादमांनी एकदा विचारलं, "वहिनी, शेळीला रेल्वेत चिकटवायचा विचार आहे का?"

"तिकडचं गवत कोवळं आहे, भावोजी," काकू म्हणाल्या.

"दूध मात्र अजून पोचलेलं दिसत नाही."

"तुमच्या गाड्यांसारखं आहे. उशिरा का होईना, येईल."

ही सगळी थट्टा चालू असताना खरी गोष्ट कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. ती बाहेर आली आक्कांच्या टपरीवर, आणि तीही एका बाकामुळे.

उन्हं वाढली होती. सावली मिळावी म्हणून आक्कांनी टपरीपुढचा बाक फिरवून ठेवला. आधी त्यावर बसलं की समोर टपरी, उभी माणसं, चहाची किटली. आता पाठ सगळ्यांकडे आणि तोंड शेताकडे. दुपारच्या सुट्टीत काका त्या बाकावर एकटेच बसून गोष्ट सांगत होते. त्यांच्या तरुणपणी रुळांवर एक गाय बसली होती आणि तिला उठवायला इंजिनाच्या ड्रायव्हरला खाली उतरून हात जोडावे लागले होते, ती. आम्ही ती इतक्यांदा ऐकली आहे की चुकलं तर दुरुस्त करू शकतो. मी आक्कांच्या बाजूला उभी होते. मुकादम कपात बिस्किट बुडवत होते.

रूळ बोलू लागले. आक्कांची किटली हवेत थांबली, मुकादमांचं बिस्किट चहात राहिलं, फाटकवाले आधीच उठून गेले होते. सगळे गप्प.

काका बोलत होते. "...ड्रायव्हर म्हणाला, माउली, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. तर गाय काय करते? मान वळवून..."

रुळांचा सूर वाढला. काका बोलतच होते. गाडी वळणावर आली, तिची घरघर जमिनीतून आली, तेव्हा कुठे ते दचकले आणि थांबले. आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडे बघत होतो. मुकादमांचं बिस्किट विरघळून कपाच्या तळाला गेलं होतं.

गाडी गेल्यावर आक्का हसून म्हणाल्या, "काय दादा, लेकीकडून शिकलात की काय?"

काकाही हसले. "हो ना, शहरी झालो." आणि पुढे, "...मान वळवून दुसरीकडे बघते!" गोष्ट पुरी झाली. सगळे हसले.

मुकादम हसले नाहीत. त्यांनी कप तसाच ठेवला आणि निघून गेले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यासाठी रुळांचा तो सूर म्हणजे गप्प बसायची खूण. चावीवाल्यासाठी तो सूर म्हणजे जीव. गाडीची घरघर कुणालाही ऐकू येते, पण ती येईपर्यंत गाडी जवळ आलेली असते, आणि वळणावर किंवा मोरीवर, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलावर, असलात तर फारच जवळ. बाजूला व्हायला वेळ मिळतो तो त्या आधीच्या बारीक सुरामुळे. ज्याला तो ऐकू येत नाही त्याने रुळांच्या मधून चालायचं नाही. याला दुसरी बाजू नाही.

संध्याकाळी मुकादम काकांच्या दारी आले. आमची आणि त्यांची भिंत एक, पायरीही एकच म्हणायला हरकत नाही. मी माझ्या अर्ध्या पायरीवर मेथी निवडत होते. मला आत जा असं कुणी म्हणालं नाही.

"रूळ कधीपासून ऐकू येत नाहीत तुला?" मुकादमांनी बसता बसता विचारलं.

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणतं ते सोड. मी विचारतोय."

"अरे, गोष्ट रंगात आली होती. नादात राहिलो."

"ती गोष्ट तू माझ्या लग्नाच्या आधीपासून सांगतोयस. तेव्हा नादात राहिला नाहीस कधी?"

मग काका म्हणाले, "थोडं कमी येतं. वयाने येतंच. पण मला पायांतून कळतं. तळव्यांना रूळ सांगतात. हसू नकोस, खरं सांगतो. तुझ्या देखत इतकी वर्षं चालतोय. माझ्यासाठी एका तरी ड्रायव्हरला भोंगा दाबावा लागला का? एकदा तरी? सांग."

तसं खरंच कधी झालं नव्हतं. मुकादम खाली बघत चपलेचा अंगठा चाचपत बसले. उद्या वर कळवायचं म्हणजे दोस्ताच्या हातातला हातोडा काढून घ्यायचा, आणि नाही कळवायचं म्हणजे रोज सकाळी त्याला रुळांवर पाठवून संध्याकाळपर्यंत वाट बघायची. त्यांच्या तोंडावर हे दोन्ही एकदम दिसत होतं.

तेवढ्यात दारातून काकू म्हणाल्या, "पायांतून नाही. शेळीकडून."

दोघांनीही मान वर केली.

काकू हात पुसत बाहेर आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. "रूळ बोलू लागले की ती कान टवकारते आणि चरायची थांबते. मी तिची दोरी ओढून उभी राहते. ह्यांना माझा रुमाल दिसतो. मी उभी राहिले की हे बाजूला होतात. त्यांना वाटतं, पायांनी सांगितलं."

"काहीतरीच काय बोलतेस?" काका म्हणाले. पण त्यांचा आवाज पडला होता. ते समोर बांधलेल्या शेळीकडे बघू लागले. गेल्या हिवाळ्यापासूनचा एकेक दिवस ते डोळ्यांसमोर आणत असावेत. मोरीपाशी पिवळा रुमाल थांबला, आपण खडीवर उतरलो. वळणावर थांबला, उतरलो.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"कुकरवरून. शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, एवढं सांगून मी पाण्याला गेले होते. परत आले तर तुम्ही कुकरच्या समोर पेपर वाचत बसलेले आणि आत सगळ्याचा कोळसा. म्हणालात, लक्ष नव्हतं. तुमचं लक्ष नाही असं कधी झालंय? त्यानंतर बघत राहिले. घरात मी गप्प झाले की तुम्ही गप्प होता. मी पाठमोरी असले की बोलत राहता."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर हातोडा सुटला असता. हातोडा सुटला असता तर तुमच्या ह्या हातांचं मी दिवसभर काय करणार होते? घरातली भांडी ठोकून ठोकून चेपवली असतीत."

मुकादम आता खरंच रागावले. "वहिनी, ही काय चेष्टा आहे? तुम्ही एखाद दिवस आजारी पडला असता तर?"

"पडले होते. अंगात ताप होता. त्या दिवशीपण गेले."

मुकादमांनी डोळे मिटून घेतले.

मग रूळ बोलू लागले. शेळीने कान वर केले. मुकादम आणि काकू तसे गप्पच होते. आता त्यांचा श्वासही मंद झाल्यासारखा वाटला. काका म्हणाले, "पण मी काय म्हणतो, सरळ पट्ट्यावर तरी..." आणि एवढं बोलून त्यांनी समोरच्या दोन चेहऱ्यांकडे पाहिलं. मग शेळीकडे. मग ते थांबले. त्यांना सूर ऐकू आला नव्हता. तो येतोय हे त्यांना आमच्या तोंडांवरून वाचावं लागलं, आणि आपण वाचतोय हे पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं.

गाडी आली आणि गेली. आमच्याकडे अर्धं वाक्य कुणी सोडत नाही. काकांनी मात्र सोडलं. त्याऐवजी ते म्हणाले, "उद्या दवाखान्यात जातो. तू बरोबर चल."

"चलतो," मुकादम म्हणाले.

दवाखान्यात काय निघालं ते वेगळं सांगायला नको. खालचे, जाड आवाज बऱ्यापैकी शाबूत होते. वरचे, पातळ आवाज गेले होते. जन्मभर लोखंडावर लोखंड ऐकलेल्या कानांचं असं होतं, डॉक्टर म्हणाले. काकांना लाइनवरून काढून सामानाच्या खोलीत बसवलं. तिथे ते फावड्यांना आणि हातोड्यांना दांडे बसवतात, झेंड्या धुऊन वाळत घालतात आणि हत्यार परत करताना माती पुसली नाही म्हणून तरुण पोरांना झापतात. मुकादम म्हणतात, "आधी मी एकटाच ओरडत होतो. आता आम्ही दोघं मिळून ओरडतो, कामाचा भार निम्मा झाला."

आणखी एक काम मुकादमांनी कुणाला न सांगता केलं. त्यांनी स्वतः गँग घेऊन काकांची सगळी हद्द नव्याने ठोकून काढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काही चाव्या सैल निघाल्या. पण तेवढ्या कुठल्याही चावीवाल्याच्या हद्दीत कुठल्याही दिवशी निघतात. त्यावरून काका चुकत होते असंही म्हणता येईना आणि नव्हते असंही. काकांना हे कळलं तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले.

मग कानात घालायचं यंत्र आलं. पहिले काही दिवस काका हैराण झाले. कागद उलटला की करकरतो, झाडू मारला की खरवडल्यासारखं होतं, स्वतःचा सदरा स्वतःशीच बोलतो. "गाड्या ऐकू यायला लागल्या," ते म्हणाले, "आणि त्याच्यावर हिची बडबड फुकट." काकू म्हणाल्या, "बडबड आधीपण होती. तेव्हा तुम्ही नशीबवान होता." शेळी अजून आहे. आता ती घरामागचंच गवत खाते, आणि गंमत म्हणजे दूध वाढलं आहे.

आता रुळांचा सूर वस्तीत सगळ्यात आधी काकांना येतो. त्यांना याचा थोडा ताठाही आहे. ते थांबले की आम्ही थांबतो, सूर आमच्या कानांवर मागाहून येतो.

खोड काही सुटली नाही. सामानाच्या खोलीमागे रुळाचा एक जुना तुकडा स्लीपरसकट पडला आहे, त्यावर चाव्या अजून बसलेल्या. एका सकाळी काका हातोडा घेऊन तिथे गेले आणि त्यांनी एका चावीला हलका ठोका दिला. मग कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि पुन्हा ठोका दिला. पुन्हा यंत्र घातलं, पुन्हा ठोका. माझे बाबाही रेल्वेतच आहेत, ते झेंड्या परत द्यायला आले होते आणि मी त्यांचा डबा घेऊन तिथे उभी होते. असं त्यांनी कितीतरी वेळ केलं. शेवटी हातोडा भिंतीला टेकवून ते स्लीपरवर बसले.

"यंत्र काढलं की नुसतं ठक्क ऐकू येतं," ते म्हणाले. "घट्ट काय, सैल काय, दोन्ही ठक्क. पातळ आवाज नाहीच. पण लाइनवर मला येत होता. अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. घट्ट चावीवर ठोका मारला की तो वर जायचा. मी खोटं सांगत नाही."

तेव्हापासून हा किडा त्यांच्या डोक्यात आहे. मुकादमांना विचारून झालं. ते म्हणाले, "हातोड्याच्या दांड्यातून हाताला कळत असेल."

"पायांचंही मी असंच म्हणत होतो," काका म्हणाले. "ती शेळी निघाली."

काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या, "गाडी कुठे घसरली का? नाही ना? मग झोपा." डॉक्टरांनी खांद्यावर थोपटलं. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले आहे म्हणून मलाही विचारलं. कोणत्या कंपनांना कोणता कान किती साथ देतो हे मी त्यांना कागदावर रेघा काढून दाखवलं, पण ठोका मारताना त्यांच्या आत काय होत होतं ते माझ्या रेघांमध्ये कुठेच नव्हतं. आम्ही दोघांनी तो कागद बराच वेळ बघितला. मग त्यांनी तो नीट घडी करून बशांच्या मधे घालायला काकूंकडे दिला.

काल टपरीवर विषय पुन्हा निघाला. बाक आता पहिल्यासारखा फिरवून ठेवला आहे, काकांचं तोंड आमच्याकडे. नव्या चावीवाल्याला ते समजावत होते की ठोका मारायच्या आधी मनात काही धरायचं नाही, आधीच ठरवून ऐकायचं नाही. बोलता बोलता ते स्वतःशीच पुटपुटल्यासारखे म्हणाले, "मला मात्र अजून कळत नाही. वर्षानुवर्षं तोच ठोका, तोच आवाज. शेवटी शेवटी तो जो मला ऐकू यायचा, तो चावीतून..."

आणि थांबले. आम्हाला अजून काहीच ऐकू आलं नव्हतं. आक्कांनी हसून किटली खाली ठेवली. नवा चावीवाला मान तिरकी करून ऐकू लागला. मग आम्हालाही आला, लांबून, तो सुरीच्या धारेसारखा सूर. तो वाढत गेला, वळणावर घरघर उठली, टपरीचं पत्र्याचं छप्पर थरथरलं, कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उमटली. मालगाडी होती, भरलेली. डब्यामागून डबा जात राहिला. काका हात मांडीवर ठेवून, तोंड किंचित उघडं ठेवून बसून होते.

शेवटचा डबा गेला. धूळ खाली बसली. रूळ थोडा वेळ गुणगुणले आणि शांत झाले. काकांनी तिथूनच उचललं.

"...येत होता, की माझ्या आठवणीतून?"